पाचवा डबा मी पाहिलाच नव्हता

ये वो सीमा, इकडे ये. अशी जवळ बस, दारात पाहुण्यासारखी उभी नको राहू. आणि तो मोबाईल आधी उलटा ठेव. परवा काय मेसेज पाठवला मला? "काकू, एक्सपोर्टच्या सगळ्या शब्दांची यादी पाठवा ना, सोमवारपर्यंत पाठ करून घेते." पाठ करते म्हणे! पाढे आहेत का ते? मी बावीस वर्षं त्या शब्दांत काढली, तरी अजून एखादा शब्द मला दटावतो. आणि दुसरीही एक गोष्ट आहे तुझ्याशी बोलायची. त्यासाठी रागावणार आहे तुझ्यावर, पण ते पुढे. आधी बस.

वाचणाऱ्यांना सांगते, सीमा म्हणजे आता माझ्या खुर्चीवर बसते ती. गोंदियाजवळच्या एका राईस मिलच्या ऑफिसात मी परदेशी मालाचे कागद करायची. मिलचं नाव लिहीत नाही, कारण जी चूक सांगणार आहे ती मिलची नव्हती, माझी होती. या अंकाच्या मंडळींनी मला म्हटलं, "काकू, आपल्या गोंदियाचा तांदूळ समुद्रापार जातो, तो कसा जातो हे लोकांना कुठे माहीत आहे? तुमच्या कामाच्या गमतीजमती लिहा." गमतीजमती आहेत, सांगते. पण मी पेन उचललं ते एका माणसाचं नाव परत करायला. बिसनभाऊ, हमालांच्या टोळीचे मुकादम, कामठ्याचे. त्यांच्या टोळीनं ओला माल भरला, असं नऊ वर्षं या गावातल्या मिलांमध्ये बोललं गेलं. ते खोटं आहे. खोटं आहे हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

झालं, लिहिलं. एवढं लिहायला मला चार दिवस लागले. आता बाकीचं सांगते.

मी काही शिकलेली नाही. माहेर चोरखमाऱ्याकडचं. तलावाच्या पाण्यावरच्या धानाच्या बांधीत वाढले, दहावी झाले, टायपिंग शिकले आणि लग्न होऊन गोंदियाला आले. मिलमध्ये टायपिंगलाच लागले होते. एक दिवस शेठजींनी इंग्रजी कागदांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, "मॅडम, अफ्रीका का ऑर्डर आया है. देखो ज़रा, ये सब क्या माँग रहे हैं." मी पाहिलं. अक्षरं ओळखीची, शब्द एकही नाही. नागपूरच्या क्लिअरिंग एजंटाला फोन लावला. एकेक शब्द विचारायची आणि वहीत माझ्या भाषेत लिहून ठेवायची. तो बिचारा कंटाळून म्हणायचा, "मावशी, किती विचारता?" मी म्हणायची, "बाबा, तू सांग. मी एकदाच विचारते."

त्या वहीतलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजवाल्यानं दिलेली मालाची पावती. पण साधी पावती नाही. ती ज्याच्या हातात, माल त्याचा. ती हरवली तर माल बंदरात डोळ्यांसमोर उभा असतो आणि हात लावता येत नाही. कन्साईनी म्हणजे ज्याच्या नावानं माल जातो तो. नोटिफाय पार्टी म्हणजे माल पोचला हे ज्याला कळवायचं तो. दोन्ही एकच असतील असं नाही. मी वहीत लिहिलं होतं: पोरगी दिली जावयाला, पण गाडी आली की फोन करायचा त्याच्या मोठ्या भावाला. एजंट खूप हसला होता, आणि मग म्हणाला, "मावशी, बरोबर आहे."

डिमरेज म्हणजे बंदरात डबा ठरल्यापेक्षा जास्त दिवस बसून राहिला तर त्याचं भाडं. डबा म्हणजे कंटेनर. आमच्याकडे हमाल त्याला डबाच म्हणतात, मीही तेच म्हणते.

आणि एफओबी. हा शब्द नीट ऐक, सीमा. फ्री ऑन बोर्ड. माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी आपली. एकदा चढला की पुढे समुद्रात काय होईल ते घेणाऱ्याच्या माथी. सीआयएफ असलं तर जहाजाचं भाडं आणि विमाही आपण भरायचा. असे बरेच शब्द आहेत, पण मला शेवटी कळलं ते एवढंच, की सगळे शब्द एकाच भांडणासाठी केलेले आहेत. माल बिघडला तर कुठपर्यंत कोण जबाबदार? एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं कुठे जातं? दिवसभर मी हेच टाईप करायची. दुसऱ्याच्या खांद्यावर ओझं कसं टाकायचं, त्यात मी चांगली तयार झाले होते.

आणखी एक शब्द राहिला. जहाजवाले पावतीवर लिहितात की आत "म्हणे" पाचशे कट्टे, म्हणजे पोती, तांदूळ आहे. खरंच, त्या इंग्रजीचा अर्थ "म्हणे" असाच होतो. कारण डबा आमच्या मिलमध्ये भरला जातो, आम्हीच मोजतो, आम्हीच सील ठोकतो. ते आत डोकावत नाहीत. सगळं भरणाऱ्याच्या शब्दावर चालतं. भरणाऱ्याचा शब्द म्हणजे कोण? शेठजींचा नाही. माझ्या सहीचा.

आता डबा कसा तपासतात ते सांगते, यातच सगळं आहे.

रिकामा डबा ट्रेलरवर येतो. हे डबे जगभर फिरलेले असतात, ठोकर खाल्लेले, गंजलेले, रंगवलेले. आपण तांदूळ भरणार, तो महिनाभर समुद्रावर राहणार. म्हणून भरण्याआधी माणसानं आत शिरायचं, बाहेरून दोन्ही दारं लावून घ्यायची आणि अंधारात उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावले की छत पाहायचं, कोपरे पाहायचे, खालची फळी पाहायची. सुईच्या टोकाएवढा उजेड कुठे दिसला तरी डबा परत. जिथून उजेड येतो तिथून पाणी येतं. मग एक फॉर्म असतो, डबा नंबर टाकून त्यावर सही करायची.

हे मला नागपूरच्या एका सर्व्हेअर, म्हणजे माल तपासणाऱ्या, साहेबांनी शिकवलं. साहेब अंगानं जड होते, त्यांना ट्रेलरवर चढवत नव्हतं. मला म्हणाले, "तुम्ही जा, मी इथून सांगतो." तेव्हापासून ते माझंच काम झालं. लुगडं सावरत ट्रेलरवर चढणारी बाई पाहून ड्रायव्हर लोक आधी हसायचे. बिसनभाऊ माझ्यासाठी चार कट्ट्यांची पायरी लावायचे. "बाई, पाय इथं ठेवा. हां. आता तो दांडा धरा." मी आत गेले की दाराच्या दांड्यावर हात ठेवून स्वतः उभे राहायचे, कोणी थट्टेनं कडी घालू नये म्हणून. आतून मला त्यांचा आवाज यायचा, "भेव नोका बाई, मी आहो बाहीर."

एकदा मिरचीचा डबा आला होता. म्हणजे आधी त्यात मिरची गेली असेल. मी आत शिरले, दारं लागली, आणि मला असा ठसका लागला की काय सांगू! उजेड पाहायचा सोडून डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. बाहेर आले तर शिंकांवर शिंका. ड्रायव्हर म्हणतो, "मैडम, डब्बा तो एकदम फर्स्ट क्लास है." मी म्हटलं, "तू जाऊन ये आत." तो गेला, आणि शिंकतच उतरला. पण हट्टाचा असा, "चावल को क्या फरक पड़ता है, चावल को नाक है क्या?" बिसनभाऊंनी लगेच उत्तर दिलं, "चावल को नाक नहीं है, खानेवाले को तो है ना भाई!" सगळी टोळी हसली. डबा परत गेला. तांदूळ वास पकडतो, बाई. त्या दिवशी शेठजींनी सगळ्यांसमोर म्हटलं, "मॅडम की नाक और मॅडम की आँख, दोनों एक्सपोर्ट क्वालिटी." आठवडाभर मी हवेत होते. तिथूनच बिघडले असेन.

बिसनभाऊंची टोळी चौदा जणांची. त्यांची बायको पार्बताबाईही त्यांच्यातच, सांडलेला तांदूळ झाडायची, खाकी कागद लावायची. डब्याच्या भिंतींना आतून खाकी कागद लावावा लागतो, लोखंडाला घाम येतो म्हणून. बिसनभाऊ तो कागद असा लावायचे, जसं कोणी नव्या घराची भिंत सारवतं. कट्टा भरताना तळहातानं दाबून पाहायचे. ओलसर लागला की बाजूला काढायचे. शेठजींचा मुनीम ओरडायचा, "अरे बिसन, एक कट्टे के लिए क्या रोता है." ते म्हणायचे, "एक कट्टा दहा कट्टे नासवते, मुनीमजी." असा माणूस. आणि त्याच माणसाच्या नावावर ओला माल लागला.

पाच डबे जायचे होते त्या दिवशी. भादवा संपत आलेला, बारीक झिमझिम सुरू होती. घेणाऱ्या कंपनीची दोन माणसं मुंबईहून आली होती, मिल पाहायला. शेठजींनी मला बोलावून घेतलं आणि त्यांना सांगितलं, "ये हमारी मॅडम. सब अपने आप सीखी है. इनसे पूछो कुछ भी." मग काय, मी सुरू झाले. चहा, चिवडा, आणि मी इंग्रजी शब्दांवर शब्द टाकून राहिले. बिल ऑफ लेडिंग असं, लेटर ऑफ क्रेडिट तसं. ते माना डोलवत होते. मला इतकं बरं वाटत होतं की उठवत नव्हतं. चार डबे मी सकाळी पाहिले होते. पाचवा उशिरा लागला.

बिसनभाऊ ऑफिसच्या दारात आले. डोक्यावर गमछा, पाय चिखलाचे, म्हणून आत नाही आले. म्हणाले, "बाई, पाचवा डबा लागला. आत पाहाले चला."

मी म्हटलं, "चार पाहिले ना? एकाच कंपनीचे आहेत. भरा."

ते गेले नाहीत. म्हणाले, "नाही वो बाई. हा जुना दिसून राहिला. वरतून रंग मारला आहे, खालतून जंग लागला. एक डाव पाहून घ्या."

पाहुणे आमच्याकडे पाहत होते. त्यांच्यापुढे एक हमाल मला माझं काम सांगतो आहे, असं मला वाटलं. मी म्हटलं, "तुला जास्त समजते का? मला शिकवू नको. भर म्हटलं ना, भर."

रोज मी त्यांना तुम्ही म्हणायची. त्या दिवशी तू म्हटलं.

पाहुणे हसले. मीही हसले. बिसनभाऊंनी "बरं" म्हटलं आणि गेले. संध्याकाळी मी पाच फॉर्म भरले. पाचव्यावर डब्याचा नंबर टाकला, आत उजेड नाही असं लिहिलं, तपासल्याची वेळसुद्धा टाकली. साडेतीन. साडेतीनला मी चिवडा खाऊन राहिली होती.

दीड महिन्यानं फोटो आले. चार डबे चांगले. पाचव्याचा मागचा कोपरा काळा पडलेला, कट्टे एकमेकांना चिकटलेले, बुरशी आलेली. घेणाऱ्याचं म्हणणं, तुम्ही मालच ओला भरला. आता एफओबी आठव, सीमा. समुद्रात पाणी शिरलं असेल तर नुकसान त्यांचं. इथूनच ओला गेला असेल तर आपलं. आणि माझा कागद सांगत होता की डबा धडधाकट होता, एवढंसं भोकही नव्हतं. डबा चांगला, तर मग पाणी आलं कुठून? कट्ट्यांसोबतच आलं असणार. झिमझिम होती त्या दिवशी, सगळ्यांना आठवत होतं.

शेठजींनी बिसनभाऊंना ऑफिसात बोलावलं. मी माझ्या खुर्चीवर होते.

"क्या रे बिसन, गीला माल भर दिया?"

"नाही शेठजी. मी एकही कट्टा ओला नाही भरला. ताडपत्री लावून भरलो. तो डबाच फुटका असन. मी बाईले बलावाले आलो होतो. पुसा त्याईले."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. बिसनभाऊंनीही पाहिलं. त्यांच्या नजरेत धाक नव्हता, राग नव्हता. ते फक्त वाट पाहत होते, की आता बाई बोलते.

मी म्हटलं, "मला काही आठवत नाही. मी पाचही डबे पाहिले आहेत. फॉर्मवर सही आहे माझी."

शेठजी म्हणाले, "देख बिसन, मॅडम का कागज़ है. कागज़ के आगे क्या बोलूँ मैं?"

बिसनभाऊ दाराकडे वळले. मग म्हणाले, "कागद खरा आहे म्हनता, त मंग मीच खोटा." कट्टे ओढायचा लोखंडी हूक त्यांच्या खांद्यावर असायचा. तो काढून हातात घेतला आणि निघून गेले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी घरी जाऊन रागानं रडले असते आणि मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून टोळी बंद. आणि आमचं गाव तुला माहीतच आहे, एका मिलची गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या मिलांत पोचते. ओला माल भरणारा मुकादम म्हणजे तांदळाच्या गावात चोरापेक्षा वाईट. चोर एक कट्टा नेतो, हा सगळा डबा नासवतो. एक्सपोर्टच्या कामावर कोणी उभं करेना. चौदा माणसं पांगली. बिसनभाऊ आणि पार्बताबाई दोन हंगाम रायपूरकडे वीटभट्टीवर गेले.

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी म्हटलं असतं, भीतीनं तोंडातून निघून गेलं. पण नाही. चार महिन्यांनी तिकडच्या सर्व्हेअरचा सविस्तर अहवाल मेलवर आला. सौदा तोपर्यंत मिटला होता, शेठजींनी सूट देऊन प्रकरण संपवलं होतं. मी तो अहवाल एकटीनं वाचला. त्यात दोन ओळी होत्या. खराब तांदळावर त्यांनी एका औषधाचे थेंब टाकून पाहिले होते. समुद्राचं खारं पाणी असेल तर ते दुधासारखं पांढरं होतं. पांढरं झालं होतं. म्हणजे पाणी समुद्राचं, गोंदियाच्या झिमझिमीचं नाही. आणि दुसरी ओळ: मागच्या कोपऱ्यात जुनं, गंजलेलं छिद्र होतं, वरून रंग मारलेला होता.

पहिल्या ओळीनं बिसनभाऊ सुटत होते. दुसरीत मी अडकत होते. आणि दोन्ही एकाच कागदावर.

शेठजींनी जाता जाता विचारलं, "क्या लिखा है मॅडम?"

मी म्हटलं, "पानी लगने से माल खराब हुआ, ऐसा लिखा है."

खोटं नव्हतं ना? पाणी लागूनच खराब झाला होता. शेठजी म्हणाले, "फाइल कर दो." मी फाइल केला. पंच मारला, दोरी ओवली, कपाटात ठेवला. माझं फायलिंग फार नीटनेटकं होतं.

पुढे बिसनभाऊंनी कुडव्यात रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान टाकलं. मी कुडव्यातच राहते. स्कूटीवर मिलला जायचे तर दुकान वाटेतच. मी दुसरा रस्ता धरला, लांबून, खड्ड्याखड्ड्यांतून. घरच्यांनी विचारलं, काऊन त्या रस्त्यानं जाता? मी म्हटलं, तिकडे कुत्रे अंगावर येतात. एकदा घाई होती म्हणून सरळ निघाले, आणि नेमकी त्यांच्या दुकानासमोर गाडी पंक्चर झाली. हसू नको. मी मान खाली घातली आणि तशीच गाडी ढकलत पुढच्या चौकापर्यंत नेली, मे महिन्याच्या उन्हात. बिसनभाऊ दुकानात बसले होते, हातात ट्यूब होती. त्यांनी पाहिलं. उठून उभे राहिले, बहुतेक मदत करायला. मग बसले.

आता तुझ्यावर रागवायची गोष्ट. गेल्या महिन्यात मी तुला भेटायला मिलमध्ये आले होते. तू खिडकीतून हमालांना ओरडलीस, "बिसनसारखं करू नका हं!" मी विचारलं, बिसन कोण? तू म्हणालीस, "माहीत नाही काकू, इथं सगळे असंच म्हणतात." बघ. माणूस कोण ते माहीत नाही, आणि त्याचं नाव ओल्या मालाला लागलं. चुकी तुझी नाही. पण पुन्हा म्हणू नको. तुझ्या तोंडून ते ऐकलं तेव्हा, त्या दुकानासमोर मी खाली घातलेली मान अजून वर झाली नाही, असं वाटलं.

त्याआधी माझा निरोपसमारंभ झाला होता. शाल, श्रीफळ, पेढे. शेठजी बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "इतने साल में मॅडम के कागज़ में एक गलती नहीं निकली." टाळ्या वाजल्या. मी खुर्चीवर बसून नारळाच्या शेंडीकडे पाहत होते. उठून सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं, पेढा खाल्ला.

पण तुझ्या त्या हाकेनंतर राहवलं नाही. मी शेठजींकडे गेले, तो अहवाल काढायला लावला, त्या दोन ओळी त्यांना हिंदीत वाचून दाखवल्या, आणि तो फॉर्म खोटा होता हेही सांगितलं. त्यांनी अहवाल परत फाईलमध्ये लावला. मग म्हणाले, "मॅडम, अब छोड़ो. पुरानी बात है. किसको याद है?" त्यांना वाटलं, माझी समजूत काढली. अहवालाची झेरॉक्स मात्र मला घेऊ दिली.

ती झेरॉक्स घेऊन मी बिसनभाऊंच्या दुकानात गेले, सरळ रस्त्यानं. दुपारची वेळ होती. पार्बताबाई तिथेच मुरमुरे निवडत बसल्या होत्या. मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. चिवडा, पाहुणे, सही, थेंब, दोन ओळी. बोलता बोलता रडायला यायला लागलं, पण मी आवरलं, कारण रडणं म्हणजे पुन्हा त्यांनाच माझी समजूत काढायला लावणं.

बिसनभाऊंनी सगळं ऐकलं. हातातल्या ट्यूबवर कानस घासत होते, ते थांबलं नाही. मग म्हणाले, "बाई, मले काऊन सांगून राहिल्या? मले त पहिल्यापासूनच मालूम आहे."

मी झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली.

पार्बताबाई म्हणाल्या, "आमच्या दोन टोळीवाल्याईनं मरेपर्यंत यायलेच दोष देल्ला. मने, बिसन, तुयाच हातानं आमचं काम गेलं. त्याईले कोन सांगल आता?" हे सांगताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, मुरमुऱ्यांकडे पाहत होत्या.

मी म्हटलं, "भाऊ, मी काय करू सांगा. तुम्ही म्हणाल ते करते."

त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे येतात का पाहिलं, आणि म्हणाले, "तुमी कागदावर लिवलं होतं ना, डबा पाहिला मनून? त मंग हे बी कागदावरच लिवा. ज्याईले मालूम नाही, त्याईच्या हाती पडला पायजे तो कागद. तोंडानं बोलनं मी बी बोललो होतो तवा. कोनं आयकलं?"

मी म्हटलं, "लिहिते. आणि एकदा घरी या ना दोघं. जेवायला या. इथून दोन गल्ल्या तर आहे."

ते म्हणाले, "पहिले कागद येऊ द्या. मंग येऊ का नाही, ते तवा पाहू."

एवढंच. माफी नाही दिली, आणि नाही म्हणून अपमानही नाही केला. मी उठले तर सवयीनं म्हणाले, "पायरी पाहून उतरा, बाई, खाली नाली आहे."

तर सीमा, यादी मी तुला देते, वहीच देते. शब्द पाठ कर नाहीतर नको करू. पण सही करायच्या आधी आत जाऊन उभी राहा, दारं लावून घे, कोणी पाहुणे बसलेले असोत. आणि दारातून कोणी चिखलाच्या पायांनी बोलावायला आलं, तर चहा तसाच ठेवून ऊठ.

आणि गोंदियातल्या मिलवाल्यांनो, मुनिमांनो, मुकादमांनो, ज्यांच्या हाती हा अंक पडेल त्यांना सांगते. त्या दिवशी पाचवा डबा मी पाहिला नव्हता. बिसनभाऊ मला बोलवायला आले होते, डबा जुना आहे असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मी त्यांना हाकलून लावलं. त्यांच्या टोळीनं भरलेला एकही कट्टा ओला नव्हता. पाणी समुद्राचं होतं, आणि खोटं माझं होतं. खाली माझं नाव आहे, तीच माझी सही समजा. ही सही करताना मात्र मी सगळं आत जाऊन पाहिलं आहे.

बिसनभाऊ, कागद झाला. छापलेला, सगळ्यांच्या हाती पडेल असा. नऊ वर्षं त्यात मावत नाहीत, मला माहीत आहे. पण पार्बताबाईंना घेऊन या. यायचं नसेल तर तसं सांगायला तरी या. भाऊ, लवकर या.

कुंदाबाई, कुडवा